मोठी फाइल प्रिंटला दिली की सॉफ्टवेअर बंद पडतं : शाळेचा १९६१चा ग्रुप फोटो, रविवारी कार्यक्रम

कौलारू | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तातडीची मदत हवी आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेचा अमृतमहोत्सव येत्या रविवारी आहे. १९६१ सालच्या सातवीच्या वर्गाचा ग्रुप फोटो आमच्या घरी आहे. आठ बाय दहा इंचांचा ब्रोमाइड, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, डावा कोपरा वाळवीने खाल्लेला. मधल्या रांगेत उजवीकडून तिसरे माझे वडील. त्यांचा लहानपणीचा हा एवढा एकच फोटो. तो २० बाय २५ इंचांत छापून शाळेच्या हॉलमध्ये लावायचं ठरलंय. तालुक्याला माझा छोटा स्टुडिओ आहे, २४ इंची रोलचा प्रिंटर आहे, म्हणून काम मी अंगावर घेतलं.

स्कॅन २४०० डीपीआयवर (इंचाला २४०० ठिपके), ४८ बिट कलरमध्ये केलं. वाळवीचा कोपरा आणि चेहऱ्यांवरचे ओरखडे भरायला दहा-बारा रात्री गेल्या. आता छपाईला बसलो तर:

प्रिंटरबरोबर आलेल्या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये टिफ उघडतच नाही, मेमरी अपुरी असल्याचा मेसेज येतो. जेपेग केली (१८४ एमबी), ती उघडते, प्रिव्ह्यू यायला चार मिनिटं लागतात, आणि प्रिंटचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर मेसेजही न देता गायब होतं. फोटोशॉपमधून दिलं तर बराच वेळ ‘स्पूलिंग’ दिसतं, मग वरचा एक तृतीयांश भाग छापून पुढे कोरा कागद बाहेर. असे दोन कागद फुकट गेले.

ड्रायव्हर काढून नव्याने टाकून झाला. विंडोज १० (६४ बिट), रॅम ८ जीबी, सी ड्राइव्ह १२० जीबीचा एसएसडी, प्रिंटर यूएसबीवर. रोजचे १२ बाय १८ फोटो विनातक्रार निघतात.

---

देवराई | मंगळवार, रात्री १०:३५

रॅम १६ किंवा ३२ करून टाका. ८ जीबीत हल्ली काही होत नाही.

---

चित्रवीथी | मंगळवार, रात्री १०:५८

माझी कोल्हापूरला लॅब आहे. अगदीच अडलं तर गुरुवारी रात्रीपर्यंत फाइल पाठवा, शनिवारी कुरिअरने प्रिंट मिळेल. पण आधी इथे प्रयत्न करून बघा, तुमच्याच प्रिंटरवर निघालेलं बरं. फक्त एक ध्यानात ठेवा : पेन ड्राइव्हवर घालून कुणाच्या हाती पाठवणार असाल तर तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुने पेन ड्राइव्ह फॅट३२ असतात, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. आमच्याकडे लोक पन्नास किलोमीटरवरून येतात आणि पेन ड्राइव्हवर अर्धवट कॉपी झालेली फाइल निघते. फार वाईट वाटतं तेव्हा.

---

सांगाती | मंगळवार, रात्री ११:२०

कौलारूदादा, रॅम घ्यायला लगेच धावू नका. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, इमेज प्रोसेसिंग हाच विषय आहे. चार गोष्टी सांगा :

१. चित्राचे पिक्सेल किती बाय किती?
२. सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती?
३. टास्क मॅनेजर उघडा, लेआउट सॉफ्टवेअरच्या नावापुढे कंसात ‘३२ बिट’ असं लिहिलंय का? प्रिंट देताना त्याच्या मेमरीचा आकडा कुठवर चढतो?
४. फोटोशॉपमधून दिलेले दोन्ही प्रिंट एकाच जागी थांबले की वेगवेगळ्या?

---

कौलारू | बुधवार, सकाळी ७:०५

ताई, उत्तरं :

१. १९,२०० बाय २४,०००.
२. २.१ जीबी. लाल पट्टी दिसतेय. मला वाटत होतं २०-२५ जीबी तरी असेल.
३. होय, ‘३२ बिट’ लिहिलंय. आकडा १,४०० एमबीपर्यंत भराभर चढतो, क्षणभर थांबतो, १,९००च्या आसपास गेला की सॉफ्टवेअर बंद.
४. दोन्ही एकाच जागी. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. दुसऱ्या रांगेतल्या मुलांच्या हनुवटीवर रेघ मारल्यासारखं दोन्हीकडे तुटलंय.

---

सांगाती | बुधवार, सकाळी ८:४०

छान, यातून जवळजवळ सगळं कळलं. तुमच्याकडे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी दिसल्यामुळे एकच वाटतायत.

आधी हिशेब. १९,२०० गुणिले २४,००० म्हणजे ४६ कोटी ८ लाख पिक्सेल. ४८ बिट कलर म्हणजे एका पिक्सेलला सहा बाइट (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी दोन). म्हणजे चित्र नुसतं उघडून ठेवायला सुमारे २.७६ जीबी. जेपेगमध्ये रंगाला एकच बाइट असतो, तरी १.३८ जीबी. तुमची जेपेग डिस्कवर १८४ एमबीची दिसते, कारण ती घडी घालून ठेवलेली आहे. छापण्याआधी सॉफ्टवेअरला ती पूर्ण उलगडावीच लागते. ट्रंकेत नऊवारी केवढीशी दिसते, पण वाळत घालायला दोरी नऊ वाराचीच लागते ना, तसं. फाइलचा एमबीतला आकडा बघून छपाईचा अंदाज बांधूच नका. पिक्सेल गुणिले पिक्सेल गुणिले बाइट, हाच खरा आकडा.

आता आजार पहिला. ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज सहसा मेमरीतल्या पत्त्यांची २ जीबीच जागा देतं. मशीनमध्ये रॅम ८ असो की ६४, त्याला त्याचा उपयोग नाही. १.३८ जीबीत चित्र उलगडलं (तुम्हाला दिसलेला १,४००चा आकडा तो हाच), मग प्रिंटसाठी त्याची फिरवलेली किंवा लहान केलेली दुसरी प्रत बनवायला घेतली, आणि जागा संपली. म्हणून देवराईंची रॅमची सूचना इथे लागू पडणार नाही. टिफ २.७६ जीबीची, ती तर दारातच अडते.

आजार दुसरा. फोटोशॉप ६४ बिट आहे, ते पार पडतं. पण ते प्रिंटरला जे देतं ते आधी स्पूलरकडे जातं, आणि स्पूलर ती फाइल सी ड्राइव्हवर लिहून ठेवतो. शिवाय फोटोशॉपची स्वतःची स्क्रॅच डिस्कही (कामापुरती वापरायची डिस्कवरची जागा) बहुधा सी ड्राइव्हवरच असेल. २.१ जीबीत दोघांचं भागत नाही. तुटण्याची जागा दोन्ही वेळा एकच असणं हे जागा किंवा मेमरी संपण्याचं लक्षण आहे. जागा दर वेळी बदलत असती तर मी आधी केबलवर संशय घेतला असता.

आज एवढंच करा : सी ड्राइव्हवर जागा कुणी खाल्ली ते शोधा. विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. त्या फोल्डरचा आकार सांगा.

---

कौलारू | बुधवार, दुपारी १:३०

ताई, त्या फोल्डरमध्ये ३८ जीबी आहे!

---

सांगाती | बुधवार, दुपारी १:४४

प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर जा. तिथे ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ला टिक आहे का बघा.

---

कौलारू | बुधवार, दुपारी २:१०

आहे. प्रिंटरच्या रांगेत जुनी कामं दिसायची, मला वाटायचं ही नुसती नोंद आहे. दोन वर्षांतले लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, सगळं तिथे साठलंय. हे कुणी टिक केलं असेल देव जाणे, मशीन बसवायला आलेल्या माणसाने केलं असावं.

---

सांगाती | बुधवार, दुपारी २:२५

टिक काढा. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, त्या फोल्डरच्या आतल्या फाइली उडवा (फोल्डर नाही, फक्त आतल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. स्पूलर चालू असताना फाइली उडवायला गेलात तर हातातली फाइल तो सोडत नाही, आणि रांगेत ‘डिलीटिंग’ लिहून काम तसंच अडकून राहतं.

त्याच टॅबवर ‘शेवटचं पान स्पूल झाल्यावर छपाई सुरू करा’ असा पर्याय आहे, तोही निवडा. मोठ्या कामाला याचा फार उपयोग होतो. स्पूलिंग मध्येच फसलं तर निदान कागद आणि शाई वाया जात नाही, कारण सगळी फाइल डिस्कवर आल्याशिवाय प्रिंटर हलतच नाही. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर न्या.

---

गडवाट | बुधवार, सायंकाळी ५:५०

धागा वाचून माझं जुनं कोडं सुटतंय असं वाटतंय. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा पॅनोरमा घेतला होता, दोन ओळींत उभ्या फ्रेम. ह्युजिनमध्ये जोडल्यावर ४८,००० बाय १६,००० झाला. १६ बिट टिफमध्ये सेव्ह करायला गेलो तर होईना. जेपेग झाली. पुढे ३.५ मीटर लांब छापायचा होता, तर ड्रायव्हर कागदाची तेवढी लांबीच घेईना. तेव्हापासून हार्ड डिस्कवर पडून आहे.

---

सांगाती | बुधवार, रात्री ९:१५

गडवाट, तुमचे तिन्ही दरवाजे वेगवेगळे आहेत. ४८,००० गुणिले १६,००० गुणिले सहा म्हणजे ४.६ जीबी. साधी टिफ आतल्या जागांचे पत्ते ३२ बिटांत लिहिते, म्हणून ४ जीबीच्या पुढे ती जाऊच शकत नाही. त्यासाठी बिगटिफ आहे, नाहीतर फोटोशॉपची पीएसबी. साधी पीएसडी चालणार नाही, तिची बाजू ३०,००० पिक्सेलच्या पुढे जात नाही. पीएसबीची ३,००,०००पर्यंत जाते. जेपेगला बाजूची मर्यादा ६५,५३५ची, त्यात तुमचा कडा बसला.

लांबीचं कारण मात्र विंडोजमध्ये आहे. कागदाची लांबी विंडोजच्या छपाईच्या रचनेत मिलिमीटरच्या दशांशात, १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेली असते. त्यात सर्वांत मोठा आकडा ३२,७६७, म्हणजे ३.२७ मीटर. काही कंपन्या ही मर्यादा टाळायला स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर देतात. नाहीतर दोन तुकड्यांत छापून जोडणं हाच मार्ग.

---

चित्रवीथी | बुधवार, रात्री ९:४०

जोड आभाळात देऊ नका, तिथे रेघ लगेच दिसते. कातळाच्या उभ्या भेगेवर घ्या. आणि दोन्ही तुकडे एकाच रोलवर, एकाच दिवशी छापा.

---

अंधारखोली | बुधवार, रात्री १०:३०

कौलारू, उशिरा वाचतोय. मी चाळीस वर्षं ब्रोमाइड छापले, लाल दिव्याखाली. संगणकातलं मला सांगातीइतकं कळत नाही, पण तुझ्या हातातल्या फोटोबद्दल बोलायचं आहे.

तू २४०० डीपीआय का घेतलंस? आठ बाय दहाच्या छापील फोटोत तेवढा तपशील नसतो रे. निगेटिव्हमध्ये असतो. एन्लार्जरच्या भिंगातून कागदावर येताना तो गळतो. जुन्या छापील फोटोत ६०० डीपीआयच्या पलीकडे क्वचितच काही सापडतं. काँटॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली) असेल तर थोडं जास्त. बाकी जे वाढतं ते कागदाचं पोत.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. फोटोत बारीक अक्षर कुठे आहे का? त्याभोवतीचा एक तुकडा कापून घे. त्याची एक प्रत कर, ती ६०० डीपीआयवर उतरव, मग परत २४००वर चढव. दोन्ही शेजारी शेजारी १०० टक्क्यांवर लावून बघ. अक्षरात फरक दिसला तर तुझं खरं, नाही दिसला तर माझं.

---

कौलारू | गुरुवार, पहाटे ५:४०

काका, रात्रीच करून बघितलं. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाच्या हातात पाटी आहे, त्यावर खडूने ‘इ. ७ वी, सन १९६१’ लिहिलंय. तेवढाच तुकडा घेतला.

२४००च्या मूळ तुकड्यात खडूची रेघ मोठी झालेली दिसते, पण तिची कड जितकी धूसर तितकीच धूसर आहे. रेघेच्या आत कागदाची रवाळ नक्षी आणि एक पांढरा तंतू दिसतो, धुळीचा असेल. ६००वरून परत चढवलेल्या तुकड्यात नक्षी आणि तंतू गेले. अक्षरं तीच. ‘७’चा खालचा फाटा, ‘वी’ची वेलांटी, सगळं जसंच्या तसं. बायकोला न सांगता दोन्ही दाखवले, तिने ६००चा तुकडा जास्त स्वच्छ आहे म्हणून निवडला.

आता एक मनापासून विचारतो. दहा-बारा रात्री मी जे ओरखडे भरत बसलो, त्यातले निम्मे कागदाच्या पोताचे होते का?

---

अंधारखोली | गुरुवार, सकाळी ६:३०

काही असतील. पण वाळवीचा कोपरा आणि चेहरे तू भरलेस ते काम खरंच आहे, ते कुठे जात नाही. तुझी लेअरवाली मूळ फाइल आहे तशी जपून ठेव, दोन ठिकाणी ठेव. तिला लहान करू नकोस. छपाईसाठी तिची वेगळी प्रत काढ. आम्हीसुद्धा मूळ निगेटिव्हला हात लावत नव्हतो, कामाला कॉपी निगेटिव्ह काढायचो.

---

सांगाती | गुरुवार, सकाळी ८:१०

काकांशी पूर्ण सहमत. छपाईची प्रत अशी काढा :

मूळ फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव द्या, त्यात आकार लिहा, म्हणजे पुढे घोळ होत नाही. लेअर फ्लॅटन करा (सगळे थर एकात मिळवा), जास्तीचे चॅनल असतील तर काढा. मग इमेज साइझमध्ये रिसॅम्पल चालू ठेवून २० बाय २५ इंच. रिझोल्यूशन तुमच्या प्रिंटरच्या घरचं ठेवा : एपसन असेल तर ३६०, कॅनन असेल तर ३००. शार्पनिंग आकार बदलल्यानंतर करायचं, आधी नाही. सगळ्यात शेवटी रंगाला ८ बिट, आणि साधी टिफ.

३६०ने ७,२०० बाय ९,००० होतील. मेमरीत १९४ एमबी. कुठे २.७६ जीबी आणि कुठे हे! तुमचं ३२ बिट सॉफ्टवेअरही आता ती सहज पेलेल. आणि हिशेब उलटा मांडला तर : आठ इंचांचे वीस इंच, ३६०ने, म्हणजे स्कॅन ९०० डीपीआयचं पुरलं असतं.

---

देवराई | गुरुवार, सकाळी ९:००

पण ३६० तरी कशाला? हॉलमध्ये भिंतीवर लागणार, लोक दोन मीटरवरून बघणार. १५०ने भागेल.

---

चित्रवीथी | गुरुवार, सकाळी ९:२५

नियम म्हणून तुमचं बरोबर आहे. डोळ्याला एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा कोन वेगळा ओळखता येतो असं धरलं तर एक मीटरवरून साधारण ८७ पीपीआय (इंचाला पिक्सेल) पुरतं, दोन मीटरवरून त्याच्या निम्मं. फ्लेक्स आम्ही ७२नेच करतो आणि रस्त्यावरून तो स्वच्छ दिसतो.

पण हा ग्रुप फोटो आहे हो. ग्रुप फोटो कुणी दोन मीटरवरून बघत नाही. माणूस नाक लावतो, बोट ठेवतो, “हा बघ मी, हा अमका” म्हणतो. तीस सेंटिमीटरवर २९०च्या घरात पीपीआय लागतं. ३०० किंवा ३६० इथे योग्यच आहे.

---

कौलारू | गुरुवार, रात्री ११:३०

स्पूल फोल्डर रिकामा केला, सी ड्राइव्हवर ४० जीबी मोकळी. छपाईची प्रत १९४ एमबी झाली, लेआउट सॉफ्टवेअरमध्ये पाच सेकंदांत उघडली. प्रिंट दिली, सुरू झाली, मला वाटलं सुटलो.

साठ टक्क्यांवर थांबली. पुन्हा दिली, या वेळी पाऊण छापून थांबली. प्रिंटरवर ‘डेटाची वाट बघतोय’ असं येतं. आता जागा भरपूर आहे, फाइल लहान आहे. मग आता काय राहिलं?

---

सांगाती | गुरुवार, रात्री ११:४५

या वेळी दोन्ही प्रिंट वेगवेगळ्या जागी थांबल्या, बरोबर? मग केबल. यूएसबी कुठल्या हबमधून घेतलीय का? केबल किती लांब आहे?

---

कौलारू | शुक्रवार, सकाळी ६:५०

हबमधून. प्रिंटर दुसऱ्या खोलीत आहे, म्हणून पाच मीटरची केबल, मध्ये एक जोड. रोजचे फोटो लहान असतात, पाचेक मिनिटांत निघतात, म्हणून कधी कळलं नसेल.

---

सांगाती | शुक्रवार, सकाळी ७:१५

हेच कारण असावं. लहान कामात डेटा एका दमात जातो. मोठ्या कामात वीस-पंचवीस मिनिटं तार जागी राहावी लागते, आणि तेवढ्यात एकदा जरी संपर्क तुटला तर काम गेलं. प्रिंटरला लॅनचं तोंड असेल तर राउटरमधून साधी लॅन केबल टाका, ती शंभर मीटरपर्यंत चालते. आजच्या दिवसात ते जमत नसेल तर लॅपटॉप उचलून प्रिंटरजवळ न्या, दीड मीटरची केबल थेट लावा, हब मध्ये नको. पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि छपाई होईपर्यंत मशीन स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. वायफायवर मोठं काम देऊ नका, कुणी काहीही सांगो.

---

कौलारू | शुक्रवार, रात्री ८:२०

निघाली! अख्खी निघाली. लॅन केबल टाकली, २२ मिनिटं लागली, मी आणि मुलगा समोर उभे होतो. वडिलांचा चेहरा आला तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, हा तर मी.” खरंच तसाच दिसतो.

फक्त एक. मूळ फोटो तपकिरी झाक असलेला आहे. प्रिंटमध्ये चेहरे हिरवट आलेत. स्क्रीनवर ठीक दिसतात.

---

अंधारखोली | शुक्रवार, रात्री ८:५०

हात लावताना जपून, शाई अजून ओली असेल. रंगाचं सांगाती सांगेल. माझं म्हणणं एवढंच की झाक काढून काळापांढरा करू नकोस. तो तपकिरी रंग त्या कागदाचं वय आहे, शाळेच्या भिंतीवर तो तसाच शोभेल.

---

सांगाती | शुक्रवार, रात्री ९:०५

रंग दोनदा दुरुस्त होतायत. लेआउट सॉफ्टवेअर कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे रंग बदलतं आणि त्यावर प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा आपला हात फिरवतो. दोघांपैकी एकालाच ते काम द्या. सॉफ्टवेअरकडे ठेवणार असाल तर ड्रायव्हरमधली कलर करेक्शन पूर्ण बंद, आणि कागदाचा प्रकार जो घातलाय तोच निवडलेला हवा. ड्रायव्हर नवा टाकला होतात ना, तेव्हा ही सेटिंग मूळपदाला गेली असणार.

पूर्ण कागद घालवू नका. वडिलांचा चेहरा आणि पाटी असा चार इंचांचा पट्टा कापून तोच आधी छापा. दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको.

---

कौलारू | शनिवार, सकाळी १०:४०

ड्रायव्हरमधली कलर करेक्शन बंद केली. पट्टा छापला, ओटीवर उन्हात मूळ फोटोशेजारी धरला, झाक जुळली. मग पूर्ण प्रिंट काढली. दुपारी फ्रेमवाल्याकडे जातेय. चित्रवीथी, तुम्ही शनिवारचं कुरिअर राखून ठेवलं होतंत, आता गरज नाही, पण विसरणार नाही.

---

गडवाट | शनिवार, दुपारी १२:१५

कोकणकडा मी आता ३.२ मीटरवर आणतोय. ३.५चा हट्ट सोडला. ३००ने सुमारे ३७,८०० पिक्सेल लांबी होते आणि एकाच तुकड्यात बसतो. माझं मशीन लहान आहे, फोटोशॉप गुदमरतं, त्यामुळे लहान करायला काय वापरू?

---

सांगाती | शनिवार, दुपारी १२:४०

लिबव्हिप्स बघा, फुकट आहे. ते अख्खं चित्र मेमरीत न घेता पट्ट्या-पट्ट्यांनी पुढे नेतं, त्यामुळे लहान मशीनवरही गीगापिक्सेलची कामं होतात. कमांड लिहावी लागते. अडलात तर वेगळा धागा काढा, मी येईन.

---

कौलारू | सोमवार, सकाळी ७:३०

काल कार्यक्रम झाला. फोटो हॉलच्या दाराजवळ, माणसाच्या छातीच्या उंचीवर लावला, चित्रवीथींचं ‘नाक लावतो’ हे वाक्य डोक्यात होतं म्हणून. त्या वर्गातले सात जण आले होते, सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे. एका आजोबांनी चष्मा काढून पाटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही पाटी माझी. अक्षर मात्र गुरुजींचं.” मग सातही जण एकेकाचं नाव सांगत गेले. मी मोबाइलवर लिहून घेतलं. एकतीस मुलांपैकी अठ्ठावीस नावं मिळाली. वडील आज असते तर उरलेली तीनही मिळाली असती असं वाटत राहिलं.

त्याच आजोबांनी जाताना एक पाकीट दिलं. १९६८च्या शाळेच्या गॅदरिंगच्या बारा निगेटिव्ह आहेत, चौकोनी, जुन्या १२० फिल्मच्या. प्रिंट कुणाकडेच नाहीत म्हणाले. माझ्या स्कॅनरला फिल्मची जोडणी आहे. काका, या किती डीपीआयवर घेऊ? ९००?

---

अंधारखोली | सोमवार, सकाळी ८:०५

नाही नाही! निगेटिव्हला २४००च घे. तपशील तिथेच असतो. सव्वादोन इंचांची ती फिल्म, २४००ने साधारण ५,३०० बाय ५,३०० पिक्सेल होतील, सांगातीच्या हिशेबाने ४८ बिटांतही १७० एमबीच्या आतच. वीस इंच छापलास तरी २६५ पीपीआय मिळतं. स्कॅन करण्याआधी फुग्याच्या ब्रशने धूळ काढ, कापडाने पुसू नकोस. कडेला धर, मध्ये बोट लावू नकोस. आणि फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती बारा आजच स्कॅन कर, उद्यावर टाकू नकोस.

---

कौलारू | सोमवार, सकाळी ८:२०

वास येतोय, काका. दुकान आज उशिरा उघडतो.